द होल नाइन यार्ड्‌स

'द होल नाइन यार्ड्‌स' हा अमेरिकन इंग्रजीतील एक अनौपचारिक वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'संपूर्ण नऊ वार' असा असला, तरी 'सर्व काही', 'काहीही न वगळता', 'अथपासून इतिपर्यंत' या अर्थाने तो वापरला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील इंडियाना व केंटकी या राज्यांतील स्थानिक वृत्तपत्रांत तो प्रथम छापलेला आढळतो. 1960 च्या दशकानंतर तो अमेरिकाभर आणि पुढे अन्य इंग्रजीभाषक देशांत रूढ झाला.

हे नऊ वार नेमके कशाचे, या प्रश्नामुळे हा वाक्प्रचार विशेष प्रसिद्ध आहे. बंदुकीच्या काडतुसांचा पट्टा, काँक्रीटचा ट्रक, जहाजाची शिडे, स्कॉटिश पोशाख, भारतीय साडी अशी अनेक उत्तरे सुचविली गेली आहेत. मात्र त्यांपैकी एकाही उत्तराला समकालीन लिखित पुराव्याचा आधार नाही. त्यामुळे लौकिक व्युत्पत्ती कशी जन्मते आणि तिची पारख कशी करावी, याचे उदाहरण म्हणून भाषाभ्यासात या वाक्प्रचाराचा उल्लेख केला जातो.

अर्थ आणि वापर

व्याकरणदृष्ट्या हा एक नामसमूह आहे. वाक्यात तो सामान्यतः पुढील तीन प्रकारे येतो.

1. यादीच्या शेवटी: चार-पाच गोष्टी मोजून झाल्यावर 'आणि असे सर्व काही' या अर्थाने. लग्नातील मांडव, सनई-चौघडे, पंगत, आहेर असे सगळे सांगून झाल्यावर इंग्रजी बोलणारा शेवटी हा वाक्प्रचार जोडतो. येथे तो मराठीतील 'अगदी साग्रसंगीत' या शब्दांचे काम करतो.

2. 'देणे' किंवा 'सांगणे' या अर्थाच्या क्रियापदाबरोबर: एखादी हकिगत, अहवाल किंवा वस्तू काहीही हातचे न राखता पूर्णपणे देणे. येथे 'इत्थंभूत' किंवा 'सांगोपांग' हे मराठी शब्द जवळचे ठरतात.

3. 'जाणे' या क्रियापदाबरोबर: हाती घेतलेले काम अर्धवट न सोडता शेवटापर्यंत नेणे, किंवा त्यासाठी शक्य ते सर्व करणे. 'तडीस नेणे' आणि 'कोणतीही कसर न ठेवणे' हे मराठी वाक्प्रचार येथे लागू पडतात.

वाक्प्रचाराचे रूप आज गोठलेले आहे. 'नऊ' या संख्येऐवजी दुसरी संख्या किंवा 'यार्ड' या मापाऐवजी 'मीटर' घातल्यास वाक्प्रचार मोडतो. ज्या देशांत दशमान पद्धती सर्वत्र रुळली आहे, तेथील इंग्रजीतही 'यार्ड' हाच शब्द कायम राहतो. 'होल' हा शब्द गाळून केवळ 'नऊ यार्ड' म्हटल्यास लांबीचाच बोध होतो, लाक्षणिक अर्थ उरत नाही.

हा वाक्प्रचार बोलण्यात, पत्रव्यवहारात, वृत्तपत्रीय स्तंभांत व जाहिरातींत चालतो. कायद्याचे मसुदे, शास्त्रीय निबंध, शासकीय पत्रे किंवा परीक्षेतील औपचारिक निबंध यांत तो अप्रशस्त मानला जातो.

'यार्ड' हा शब्द

यार्ड हे लांबीचे ब्रिटिश परंपरेतील माप असून एक यार्ड म्हणजे 3 फूट किंवा 36 इंच. 1959 मधील आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याची लांबी 0.9144 मीटर निश्चित करण्यात आली. त्या हिशेबाने नऊ यार्ड म्हणजे 27 फूट, अर्थात सुमारे 8.23 मीटर. मराठीत या मापाला 'वार' म्हणतात.

इंग्रजीत 'यार्ड' या एकाच उच्चाराचे दोन भिन्न मूळ असलेले शब्द आहेत. काठी किंवा दांडा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून मापवाचक 'यार्ड' आला. शिडाच्या जहाजावर डोलकाठीला आडव्या बांधलेल्या वाशालाही 'यार्ड' म्हणतात. तो शब्दही याच मुळाचा आहे. अंगण किंवा आवार या अर्थाचा 'यार्ड' मात्र वेगळ्या शब्दापासून आला असून 'शिपयार्ड' या शब्दात तोच आढळतो. वाक्प्रचाराच्या उगमाविषयी इतक्या विविध कल्पना निघण्यास या अनेकार्थतेचाही हातभार लागला आहे.

लिखित पुराव्यांचा इतिहास

आरंभीचे उल्लेख

नऊ वारांचा लाक्षणिक नव्हे, तर शब्दशः उल्लेख असलेली एक विनोदी गोष्ट 1855 मध्ये इंडियाना राज्यातील न्यू अल्बनी येथील वृत्तपत्रात छापून आली होती. तीन सदऱ्यांसाठी घेतलेले संपूर्ण नऊ वार कापड एकाच अवाढव्य सदऱ्यात शिवले गेल्याने एका न्यायाधीशाची झालेली फजिती हा तिचा विषय आहे. पुढे रूढ झालेल्या वाक्प्रचाराचेच शब्द या गोष्टीत येतात. तथापि, ती आणि वाक्प्रचाराचा पहिला लाक्षणिक उल्लेख यांत सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे, आणि मधला दुवा सापडलेला नाही. त्यामुळे तिला वाक्प्रचाराचा उगम म्हणता येत नाही.

लाक्षणिक अर्थाचे सर्वांत जुने ज्ञात उल्लेख इंडियाना राज्याच्या दक्षिण भागातील मिचेल या गावच्या वृत्तपत्रातील आहेत. 1907 मध्ये या पत्राने गावातील बेसबॉलच्या सामन्याची बातमी देताना, खेळ पूर्णपणे रंगेलच याची हमी नाही, अशा अर्थाने 'फुल नाइन यार्ड्‌स' असे शब्द वापरले. बेसबॉलच्या संघात नऊ खेळाडू असतात आणि सामनाही नऊ डावांचा असतो. त्यामुळे या ठिकाणी 'नऊ' या संख्येवर कोटी असण्याची शक्यता आहे. 1908 मध्ये त्याच पत्रात मासेमारीहून परतलेल्या एका गृहस्थाविषयी लिहिताना, तो कोणाला तरी गाठून आपली सगळी कहाणी ऐकविणार, अशा अर्थाने 'होल नाइन यार्ड्‌स' हे आजचे रूप आले आहे. येथे बेसबॉलचा किंवा कोणत्याही मोजमापाचा संबंध नाही. वाचकांना वाक्प्रचार आधीच परिचित असल्याप्रमाणे तो कोणत्याही खुलाशाशिवाय वापरलेला आहे, ही बाब महत्त्वाची आहे.

'सहा वारां'चे रूप

1912 मध्ये केंटकी राज्यातील माउंट व्हर्नन येथील वृत्तपत्रात हाच वाक्प्रचार 'होल सिक्स यार्ड्‌स', म्हणजे 'संपूर्ण सहा वार', या रूपात दोनदा आढळतो. एका ठिकाणी रिपब्लिकन पक्षातील थिओडोर रूझवेल्ट आणि विल्यम टॅफ्ट यांच्या भांडणाचा संदर्भ आहे: वाद तापला की दोघे एकमेकांची सगळी बिंगे फोडतील, असा त्या मजकुराचा आशय आहे. दुसऱ्या ठिकाणी, या अंकात देता न आलेल्या सर्व बातम्या पुढील अंकात देऊ, असे वाचकांना आश्वासन दिलेले आहे. 1921 मध्ये दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्ग येथील वृत्तपत्राच्या एका मथळ्यातही 'सहा वार' हेच रूप आले आहे.

म्हणजेच विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत 'सहा' आणि 'नऊ' अशी दोन्ही रूपे प्रचारात होती. त्यांपैकी 'नऊ' टिकले आणि 'सहा' मागे पडले.

प्रसार

1921 नंतर काही दशके वाक्प्रचाराचे लिखित उल्लेख विरळ आहेत. 1956 मध्ये केंटकी राज्याच्या वन्यजीव विभागातर्फे निघणाऱ्या मासिकात मासेमारीच्या स्पर्धेची माहिती देताना तो पुन्हा दिसतो. 1962 मध्ये रॉबर्ट वेग्नर यांच्या एका लघुकथेत तो आला. 1964 मध्ये अमेरिकन अवकाश कार्यक्रमातील कर्मचाऱ्यांच्या बोलीवर प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तपत्रीय लेखात, 'एखाद्या प्रकल्पाचा कलमवार संपूर्ण अहवाल' असा त्याचा अर्थ नोंदविलेला आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हवाई दलाच्या बोलीत तो चांगलाच रुळला होता. इलेन शेपर्ड यांच्या 1967 मधील 'द डूम पुसी' या पुस्तकात त्याचा वापर आढळतो. सैनिक मायदेशी परतल्यावर तो सर्वसामान्य बोलण्यात अधिक पसरला असावा, असे मानले जाते.

उगमाविषयीच्या प्रचलित कल्पना

पुढील कल्पना पुस्तकांतून व व्याख्यानांतून वारंवार सांगितल्या जातात.

काडतुसांचा पट्टा: दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा 27 फूट, म्हणजे नऊ यार्ड, लांब असे आणि सर्व काडतुसे शत्रूवर झाडणे म्हणजे 'संपूर्ण नऊ यार्ड' देणे, अशी ही कथा आहे. ती सर्वाधिक लोकप्रिय आहे. परंतु काडतुसे लांबीने नव्हे, तर नगांनी मोजली जात, आणि पट्ट्याची लांबी विमानागणिक व बंदुकीगणिक बदलत असे. शिवाय वाक्प्रचार 1907 मध्येच छापला गेला होता, म्हणजे पहिले महायुद्धही तेव्हा सुरू व्हायचे होते. या एका तारखेने ही कथा निकालात निघते.

काँक्रीटचा ट्रक: काँक्रीट मिसळून नेणाऱ्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, असे सांगितले जाते. असे ट्रक 1907 मध्ये नव्हते, आणि 1960 च्या दशकात वाक्प्रचार पसरत असताना ट्रकची सरासरी क्षमताही नऊ घनयार्डांपेक्षा कमी होती.

जहाजाची शिडे: तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर प्रत्येकी तीन आडवे वासे असत, म्हणून सर्व शिडे उभारणे म्हणजे नऊ 'यार्ड', असा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात मोठ्या जहाजांवर वाशांची संख्या याहून अधिक असे, आणि दर्यावर्दी साहित्यात हा वाक्प्रचार सापडलेला नाही.

अमेरिकन फुटबॉल: या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. नऊ यार्ड म्हणजे यश नव्हे, तर थोडक्यात हुकलेली संधी. त्यामुळे 'संपूर्ण' हा अर्थ येथून निघू शकत नाही.

व्हिएतनाममधील जमाती: व्हिएतनामच्या डोंगराळ भागातील लोकांना अमेरिकन सैनिक संक्षेपाने 'यार्ड्‌स' म्हणत. या नावाशी वाक्प्रचाराचा संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला. परंतु युद्धापूर्वीचे पुरावे मिळाल्याने तोही टिकला नाही.

जहाजबांधणीची आवारे: 1942 मध्ये अमेरिकन नौवहन अधिकारी ॲडमिरल एमरी लँड यांनी संसदीय समितीपुढे साक्ष देताना 'होल नाइन यार्ड्‌स' हे शब्द उच्चारले होते. तेथे त्यांचा अर्थ खरोखरच जहाजबांधणीची नऊ आवारे असा होता. हा शब्दांचा योगायोग होय. केवळ शब्द जुळले म्हणून दोन प्रयोग एक ठरत नाहीत, हे या उदाहरणावरून कळते.

कापडाचे माप: एक पूर्ण पोशाख, स्कॉटिश 'किल्ट' किंवा कापडाचा तागा नऊ वारांचा असे, असे मानणारा एक मोठा गट आहे. यार्ड हे कापड मोजण्याचे नित्याचे माप असल्याने आणि 1855 मधील सदऱ्याची गोष्ट उपलब्ध असल्याने ही कल्पना इतरांइतकी अशक्य कोटीतील नाही. मात्र पोशाखाला किंवा ताग्याला नऊ वार हे ठरलेले प्रमाण असल्याचा पुरावा नाही. 'सहा वारां'चे रूपही त्याच काळी प्रचारात असल्याने एखाद्या ठरावीक नऊवारी वस्तूचा शोध निष्फळ ठरतो.

संशोधन आणि आजचे मत

अमेरिकेत या वाक्प्रचाराचा शोध दीर्घकाळ चालू राहिला. 'न्यू यॉर्क टाइम्स'मधील भाषाविषयक स्तंभाचे लेखक विल्यम सफायर यांनी त्यावर अनेकदा लिहिले. जुनी वृत्तपत्रे संगणकावर शोधता येऊ लागल्यावर कोड्याचे स्वरूप पालटले. 1956 मधील केंटकीचा उल्लेख शोधणाऱ्या बॉनी टेलर-ब्लेक आणि येल विद्यापीठातील ग्रंथपाल व अवतरणकोशाचे संपादक फ्रेड शपिरो यांनी 2012 च्या सुमारास 'सहा वारां'चे उल्लेख प्रकाशात आणले. त्यानंतर 1907 व 1908 मधील उल्लेख मिळाले.

'सहा' आणि 'नऊ' ही दोन्ही रूपे मिळाल्याने, मुळात ही संख्या कोणत्याही विशिष्ट वस्तूचे माप नसावी, हे मत बळावले. 'लांबलचक गोष्ट' वारांनी मोजण्याची विनोदी लकब इंडियाना-केंटकीच्या बोलीत असावी आणि तिच्यात बोलणाऱ्याच्या मर्जीनुसार संख्या बदलत असावी, असे या मताचे स्वरूप आहे. आरंभीच्या अनेक उल्लेखांत वाक्प्रचार गोष्ट, गुपित किंवा बातमी 'संपूर्ण सांगणे' या संदर्भात येतो, ही बाब या मताला पूरक आहे.

लहान संख्येची जागा मोठ्या संख्येने घेण्याची प्रवृत्ती इंग्रजीत अन्यत्रही दिसते. अत्यानंद दर्शविणाऱ्या 'क्लाउड नाइन' या वाक्प्रचारात पूर्वी 'सेव्हन', म्हणजे सात, हीदेखील संख्या येत असे. इंग्रजीत 'नऊ' ही संख्या परिपूर्णता किंवा विपुलता सुचविणाऱ्या अनेक प्रयोगांत आढळते: मांजराचे नऊ जन्म, वेळीच घातलेल्या एका टाक्याने वाचणारे नऊ टाके, नटूनथटून येण्याला 'टू द नाइन्स' म्हणणे, ही त्याची उदाहरणे होत. 'सहा'वर 'नऊ'ने मात करण्यास ही पार्श्वभूमी कारणीभूत झाली असावी.

नऊवारी साडी आणि हा वाक्प्रचार

महाराष्ट्रातील पारंपरिक लुगडे नऊ वारांचे असल्याने 'नऊवारी' या नावाने ओळखले जाते. दोन हात म्हणजे एक वार या हिशेबाने ते अठरा हात भरते. कासोटा घालून नेसण्यासाठी ही लांबी लागते. गोल नेसणीच्या साडीला पाच किंवा सहा वार पुरतात. तमिळ ब्राह्मण स्त्रियांची 'मडिसार' पद्धतीची साडीही नऊ वारांची असते. यामुळे इंग्रजी वाक्प्रचार भारतीय साडीवरून आला असावा, अशी समजूत भारतात व परदेशांतील भारतीयांत आढळते. नऊवारीच्या जोडीला सहावारीही असते आणि अमेरिकेत 'सहा वार' असेही रूप होते, हे कळल्यावर ही समजूत अधिकच आकर्षक वाटते.

तथापि, तिला पुरावा नाही. भारतातून इंग्रजीत गेलेले 'बंगला', 'पायजमा', 'शाम्पू' यांसारखे शब्द ब्रिटिश अधिकारी व व्यापारी यांच्या लेखनातून ब्रिटनमध्ये गेले, आणि त्यांचा मार्ग लिखित साहित्यात स्पष्ट दिसतो. 'होल नाइन यार्ड्‌स'चे आरंभीचे उल्लेख मात्र अमेरिकेच्या अंतर्भागातील लहान गावांतले आहेत. 1900 च्या दशकात तेथील वाचकांना नऊवारी लुगडे परिचित असण्याचे कारण नव्हते. दोन्हीकडे जुळणाऱ्या संख्या हा योगायोग मानावा लागतो.

आजच्या भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत व जाहिरातींत मात्र नऊवारी आणि सहावारी साडीसंबंधी मजकुराला हा वाक्प्रचार श्लेषाने हमखास जोडला जातो. तेथे साडीमुळे वाक्प्रचार जन्मला नसून, वाक्प्रचाराला साडीमुळे नवा अर्थ लाभला आहे.

मराठीतील समानार्थी प्रयोग

मराठीत भाषांतर करताना 'संपूर्ण नऊ वार' असे शब्दशः रूपांतर केल्यास लुगड्याचा बोध होतो आणि मूळ अर्थ हरवतो. संदर्भानुसार पुढील पर्याय योग्य ठरतात.

- हकिगत, वृत्तान्त: इत्थंभूत, अथपासून इतिपर्यंत
- विवेचन, अभ्यास: सांगोपांग
- समारंभ, जेवण, थाट: साग्रसंगीत
- धार्मिक विधी: यथासांग
- पोशाख, अलंकार: नखशिखान्त
- प्रयत्न: कोणतीही कसर न ठेवता, तडीस नेणे

मापावरून आलेला मराठी वाक्प्रचार म्हणून 'सोळा आणे' हा तुलनेसाठी उपयुक्त आहे. एका रुपयाचे सोळा आणे होत, म्हणून 'सोळा आणे खरे' म्हणजे पूर्णपणे खरे. 1 एप्रिल 1957 रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि पुढे आणे व्यवहारातून गेले, तरी वाक्प्रचार टिकून आहे. त्यातील 'सोळा' या संख्येचा खुलासा नाणेपद्धतीत निःसंदिग्धपणे मिळतो. 'होल नाइन यार्ड्‌स'मधील 'नऊ'ला असा आधार नाही. वाक्प्रचारातील प्रत्येक संख्येमागे एखादी वस्तुस्थिती असलीच पाहिजे असे नाही, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून लक्षात येते.

इंग्रजीतील समानार्थी प्रयोग

इंग्रजीत याच अर्थाचे 'द होल शिबँग', 'द होल एन्चिलाडा', 'द होल बॉल ऑफ वॅक्स' हे अमेरिकन वळणाचे प्रयोग आहेत. ब्रिटिश इंग्रजीत 'द फुल मॉन्टी' हा प्रयोग विशेष रूढ असून त्याचाही उगम वादग्रस्त आहे. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' या वाक्प्रचाराचे मूळ मात्र स्पष्ट आहे: चाप व ठिणगीची यंत्रणा, लाकडी दस्ता आणि नळी हे बंदुकीचे तीन भाग मिळून संपूर्ण बंदूक होते.

लोकप्रिय माध्यमांत

जोनाथन लिन दिग्दर्शित 'द होल नाइन यार्ड्‌स' हा विनोदी इंग्रजी चित्रपट 2000 मध्ये प्रदर्शित झाला. त्यात ब्रूस विलिस आणि मॅथ्यू पेरी यांच्या प्रमुख भूमिका होत्या. 2004 मधील त्याच्या पुढील भागाचे नाव 'द होल टेन यार्ड्‌स' असे ठेवण्यात आले. नऊच्या जागी दहा घालून साधलेला विनोद प्रेक्षकांना सहज कळावा, इतके या वाक्प्रचाराचे मूळ रूप तोपर्यंत रुळलेले होते.